ॲल्युमिनियमवर ऑक्सिजन शंभरात एकदाच का चिकटतो, आणि चिकटलेल्या ऑक्सिजनला ऑक्साइड कधी म्हणायचे?

प्रश्न पदार्थविज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "ॲल्युमिनियम निकेलपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील आहे. तरी शोधनिबंधांत वाचते की खोलीच्या तापमानाला ॲल्युमिनियम (१११) वर (कंसातले आकडे स्फटिकाची कुठली बाजू ते सांगतात) आपटणाऱ्या शंभर ऑक्सिजन रेणूंपैकी जेमतेम एक चिकटतो, आणि निकेलवर मात्र सुरुवातीला बहुतेक सगळे चिकटतात. हे उलटे कसे? आणि पृष्ठभागावर बसलेला ऑक्सिजन नेमका कधी ऑक्साइड होतो?"

दोन्ही प्रश्न चांगले आहेत आणि त्यांचे मूळ एकच आहे. आपण "ऑक्सिडेशन" हा एकच शब्द वापरतो, म्हणून ती एकच क्रिया आहे असे वाटते. प्रत्यक्षात रेणू पृष्ठभागाशी येऊन थांबणे, त्याचे दोन तुकडे होणे, ते अणू जागेवर बसणे, त्यांनी धातूचे अणू जागचे हलवणे, खऱ्या ऑक्साइडची बेटे रुजणे आणि मग तो थर जाड होत जाणे, या सगळ्या वेगवेगळ्या घटना आहेत. प्रत्येकीचा वेग वेगळी गोष्ट ठरवते. एका टप्प्यावर अडखळणारा धातू पुढच्या टप्प्यावर सुसाट सुटू शकतो.

पुस्तकातली "क्रियाशीलता" ही शेवटच्या हिशेबाची गोष्ट आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइड तयार होताना ऑक्सिजनच्या प्रत्येक मोल अणूंमागे साधारण ५५८ किलोज्यूल ऊर्जा सुटते, निकेल ऑक्साइड होताना सुमारे २४०. तेवढ्यापुरता ॲल्युमिनियम पुढेच. पण हा आकडा वाट कुठे जाऊन संपते ते सांगतो, वाटेत काय लागते ते सांगत नाही. चिकटण्याची शक्यता ठरते ती रेणू पृष्ठभागाजवळ येतो त्या पहिल्या काही पिकोसेकंदांत.

तेव्हा आधी रेणूकडे पाहू. ऑक्सिजन रेणूतला बंध मजबूत आहे, मोलला ४९८ किलोज्यूल. पण त्याच्या बंधविरोधी कक्षकांत दोन इलेक्ट्रॉन एकेकटे बसलेले असतात, दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनाचा अंगचा चुंबकीय गुण) समांतर. या कक्षकांत आणखी जागा असते. धातूकडून तिथे एक इलेक्ट्रॉन आला की रेणू सुपरऑक्साइडसारखा होतो, दुसरा आला की पेरॉक्साइडसारखा, आणि प्रत्येक वेळी मधला बंध सैल पडतो. आणखी भर पडली की तुटतो. प्लॅटिनम (१११) थंड ठेवला, १०० केल्व्हिनच्या आसपास, तर हे अर्धवट अवस्थेतले रेणू पृष्ठभागावर आडवे पडलेले प्रत्यक्ष मोजता येतात. तापमान १५० केल्व्हिनच्या आसपास नेले की ते फुटतात आणि अणू मागे उरतात. चांदीच्या (११०) पृष्ठभागावरही हा प्रकार दिसतो. निकेलवर ही मधली पायरी इतक्या झटपट ओलांडली जाते की ती पकडणे अवघड जाते. सोन्याच्या सपाट (१११) पृष्ठभागावर उलट परिस्थिती आहे: स्वच्छ सोने साधा ऑक्सिजन रेणू फोडतच नाही.

आता ॲल्युमिनियम. हे कोडे पृष्ठभाग-विज्ञानातल्या लोकांना खूप वर्षे छळत होते, कारण नेहमीचे घनता-फलनक गणित (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढण्याची पद्धत) केले की रेणूच्या वाटेत कुठलाच ऊर्जा-अडथळा दिसत नसे. त्या गणिताप्रमाणे येईल तो रेणू चिकटायला हवा. प्रयोग मात्र ठामपणे वेगळे सांगत होते. रेणूंचा नियंत्रित झोत सोडून मोजणी झाली तेव्हा दिसले की संथ, खोलीच्या तापमानाएवढ्या ऊर्जेचे रेणू साधारण १ टक्का चिकटतात. त्यांची गतिज ऊर्जा वाढवत नेली की प्रमाण वाढत जाते, आणि अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे बहुतेक रेणू चिकटू लागतात. वेग वाढवल्याने चिकटणे वाढते याचा अर्थ वाटेत उंचवटा आहे. संथ रेणू त्याला धडकून परत जातो.

२००५ साली बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेतल्या गटाने याला स्पिनचे कारण दिले. वायूतला रेणू त्रिक-अवस्थेत असतो, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेला. ॲल्युमिनियमवर बसलेल्या ऑक्सिजन अणूंत असे सुटे स्पिन शिल्लक नसतात. मधे कुठेतरी स्पिन बदलायला हवा, आणि ॲल्युमिनियमपाशी ती देवघेव पटकन करणारे डी-इलेक्ट्रॉन, म्हणजे डी-कक्षकांतले इलेक्ट्रॉन, नाहीत. नेहमीचे गणित स्पिन आपोआप, क्षणार्धात बदलू देते, म्हणून त्याला अडथळा दिसत नाही. स्पिन मूळच्या अवस्थेत धरून ठेवून गणित केले की उंचवटा दिसू लागतो. निकेलकडे फर्मी पातळीलगत (धातूतल्या भरलेल्या ऊर्जा-पातळ्यांच्या वरच्या सीमेलगत) डी-इलेक्ट्रॉनांची गर्दी असते, त्यामुळे तिथे ही अडचण जवळपास येत नाही.

हे स्पष्टीकरण मला आवडते, पण ते अखेरचे आहे असे मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये जास्त काटेकोर, लाट-फलनावर आधारलेल्या पद्धतीने गणित करणाऱ्यांनी दाखवले की स्पिनवर कुठलेही बंधन न घालताही अडथळा मिळतो. त्यांच्या मते दोष नेहमीच्या फलनकाचा आहे: ते धातूकडून रेणूकडे इलेक्ट्रॉन फार लवकर आणि फार सहज जाऊ देते. २०१३ मध्ये जपानी प्रयोगकर्त्यांनी रेणूंची दिशा ठरवून झोत सोडला आणि पृष्ठभागाशी समांतर, आडवे येणारे रेणू उभ्या रेणूंपेक्षा जास्त चिकटतात असे दाखवून दिले. प्रबंधात दोन्ही बाजू लिहा. फक्त "स्पिनमुळे" असे लिहून मोकळ्या होऊ नका, परीक्षक अडवतील.

रेणू फुटल्यावर काय होते तेही ॲल्युमिनियमवर सरळ नाही. १९९२ मध्ये गेरहार्ड एर्टल यांच्या गटाने एसटीएमखाली (अणुटोकाची सुई पृष्ठभागावरून फिरवून अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) हे पाहिले. एकाच रेणूतून आलेले दोन अणू शेजारी सापडतील अशी अपेक्षा होती, पण ते एकेकटे, किमान ८० अँगस्ट्रॉम अंतरावर विखुरलेले दिसले. बंध होताना सुटलेली ऊर्जा त्या अणूंना काही काळ पृष्ठभागावरून दामटत नेते असा अर्थ त्यांनी लावला आणि "तप्त अणू" ही कल्पना रुजली. पुढे २००१ च्या सुमारास इतरांना जवळजवळच्या जोड्याही दिसल्या. शिवाय काही रेणूंचा एकच अणू पृष्ठभागाला लागतो आणि दुसरा परत निर्वातात उडतो, हेही लेसरने टिपले गेले. एकेकटे अणू का दिसले याचे ते दुसरे उत्तर आहे. येणाऱ्या रेणूची ऊर्जा आणि दिशा यांवर कुठला मार्ग वरचढ ठरतो ते अवलंबून असते.

मग शंभरात एक रेणू चिकटत असताना ॲल्युमिनियम हवेत क्षणार्धात कसा काय झाकला जातो? इथे साधा हिशेब करावा. ऑक्सिजनचा दाब एका टॉरचा दहालाखावा भाग असेल, तर खोलीच्या तापमानाला चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे ३६ वर १३ शून्ये इतके रेणू आपटतात. निकेल (१००) च्या तेवढ्याच जागेत १६ वर १४ शून्ये इतके अणू असतात. प्रत्येक रेणूत दोन अणू धरले, तर सगळे चिकटले असताना सव्वादोन सेकंदांत एका निकेल अणूमागे एक ऑक्सिजन अणू होतो. हा दाब एक सेकंद ठेवला की त्याला एक लँगम्यूर म्हणायचे, ते याच सोयीसाठी. हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब १६० टॉर असतो. म्हणजे पृष्ठभागाच्या प्रत्येक अणूवर सेकंदाला साडेतीन कोटींहून जास्त टकरी होतात. त्यांतल्या ९९ टक्के वाया गेल्या तरी पहिला थर मायक्रोसेकंदांत पुरा होतो. तुमचा विरोधाभास हवेत जाणवतच नाही, तो फक्त अतिउच्च निर्वातात दिसतो, कारण तिथेच आपण टकरी मोजून देऊ शकतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. त्यासाठी निकेल (१००) सारखे उदाहरण नाही, कारण तिथे सगळे टप्पे वेगवेगळे दिसतात.

स्फटिक आर्गॉन आयनांच्या माऱ्याने घासून आणि तापवून स्वच्छ केला, गंधक आणि कार्बन गेल्याची खात्री झाली, की लीक व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडून ऑक्सिजन सोडायचा आणि कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाचा पडदा पाहायचा. सुरुवातीला हिरव्या पडद्यावर निकेलचा चौकोनी नक्षा असतो, ठिपके धारदार, मधली जागा काळीभोर. लँगम्यूरच्या आतबाहेर डोस झाला की ठिपक्यांच्या बरोबर मध्यावर नवे, फिकट ठिपके उमटू लागतात, कडांच्या मध्यावरही आणि चौकोनांच्या केंद्रातही. हा पी २×२ नक्षा. चार निकेल अणूंमागे एक ऑक्सिजन, आणि प्रत्येक ऑक्सिजन चार निकेल अणूंमधल्या खळग्यात, त्यांच्या पातळीपासून साधारण ०.८ अँगस्ट्रॉम वर बसलेला. डोस चालू ठेवला की कडांवरचे ठिपके विझतात आणि केंद्रातले तेजस्वी होतात. हा सी २×२. बुद्धिबळाच्या पटावर फक्त काळी घरे भरावीत तसे आता एक सोडून एक खळगे भरलेले असतात. पूर्ण भरला तर अर्धा थर.

इथे बराच वेळ काही घडत नाही. डोस वाढवत जा, ऑक्सिजनचे प्रमाण जवळपास तेवढेच राहते. चिकटण्याची शक्यता एकाच्या आसपासून घसरून अगदी कमी झालेली असते. नव्याने काम करणारी मुले इथे "पृष्ठभाग संपृक्त झाला" असे वहीत लिहून प्रयोग थांबवतात. थांबू नका. आणखी काही दहा लँगम्यूर गेले की ऑक्सिजनचा वक्र पुन्हा वर उठतो. पडद्यावरचे सी २×२ चे ठिपके मंद होतात, मागची काळी जागा राखाडी होते आणि निकेल ऑक्साइडचे अस्पष्ट, पसरट ठिपके येतात. आता ऑक्साइडची बेटे रुजली आहेत आणि आडवी पसरत आहेत. बेटांच्या कडांवर चिकटणे सोपे असते म्हणून कडा वाढतील तसा वेग वाढतो, आणि बेटे एकमेकांना भिडली की पुन्हा पडतो. १९७४ मध्ये हॉलोवे आणि हडसन यांनी याच चित्रावर आपले गणित बसवले आणि ते आजही वापरात आहे. खोलीच्या तापमानाला हा थर दोन-तीन पदर झाला की जवळपास थांबतो.

मधला तो थांबा का येतो? निकेलच्या जाळीचे माप ३.५२ अँगस्ट्रॉम, निकेल ऑक्साइडचे ४.१८. फरक सुमारे १९ टक्के. एवढ्या फरकाने ऑक्साइड निकेलवर नीट बसूच शकत नाही. खळग्यात बसलेल्या ऑक्सिजनचे ऑक्साइड व्हायचे तर निकेलच्या अणूंना आपली जागा सोडून वर यावे लागते आणि दोघांची नवी जाळी घडावी लागते. त्यासाठी पृष्ठभागावरच्या अणूभर उंचीच्या पायऱ्यांच्या कडा, दोष अशी कमकुवत ठिकाणे लागतात आणि पुरेसे मोठे बीज एकदा जमावे लागते. अधिशोषित, म्हणजे पृष्ठभागावर नुसता बसलेला, थर आणि ऑक्साइड यांच्यामधला फरक तो हाच: पहिल्यात धातूची जाळी शाबूत असते, दुसऱ्यात ती मोडून नवी झालेली असते.

ही सीमारेषा सगळीकडे इतकी स्वच्छ नसते. तांब्याच्या (११०) पृष्ठभागावर ऑक्सिजन आला की पायऱ्यांच्या कडांवरून तांब्याचे अणू सुटतात, सपाट भागावर येतात आणि ऑक्सिजनबरोबर एकाआड एक गुंफून लांबलचक ओळी बनवतात. १९९० च्या सुमारास एसटीएममध्ये या ओळी वाढताना दिसल्या तेव्हा मोठी चर्चा झाली, कारण तोवर बहुतेकांची समजूत होती की ओळी जागच्या जागी अणू काढून घेऊन होतात. इथे धातू हललेला आहे, पण क्युप्रस ऑक्साइड अजून झालेले नाही. तांब्याच्याच (१००) वर मात्र ओळी खरोखरच गायब होतात आणि नक्षा वेगळा येतो. एकच धातू, एकच वायू, नुसती स्फटिकाची बाजू बदलली तर वाट बदलते. म्हणून "तांब्यावर ऑक्सिजन" असे मोघम लिहू नये, कुठली बाजू ते आधी सांगावे.

पॅलेडियमवर त्याहून पुढचा प्रकार आहे. (१११) बाजूवर एकाच पदराचा एक पातळ ऑक्साइड बनतो. त्यात पाच पॅलेडियमला चार ऑक्सिजन असे प्रमाण २००२ मध्ये निश्चित झाले, आणि पॅलेडियमच्या कुठल्याही ठोकळ्यात असे संयुग सापडत नाही. याला आता सरळ "पृष्ठ-ऑक्साइड" हे स्वतंत्र नाव आहे. रुथेनियम (०००१) वर तर प्रत्येक रुथेनियम अणूमागे एक, असा पूर्ण थर भरेपर्यंत ऑक्सिजन नुसता अधिशोषित राहतो आणि त्यानंतर ऑक्साइड सुरू होते. कार्बन मोनॉक्साइडच्या ज्वलनात निर्वातात रुथेनियम अगदी मंद आणि जास्त दाबाला एकदम तेज का, या जुन्या प्रश्नाला २००० साली रुथेनियम डायऑक्साइडच्या थराने नवे वळण मिळाले. दाब वाढला की पृष्ठभागच दुसरा होतो. म्हणून आता जास्त दाबाखाली एक्सपीएस (क्ष-किरणांनी बाहेर काढलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणे) करणारी उपकरणे आली आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा उपकरणावर काम चालते, जमल्यास जाऊन पाहा.

थर जाड होण्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तुमचा प्रश्न तिथवर नाही. पातळ ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन पार निघून बाहेरच्या ऑक्सिजनवर बसतात. थराच्या दोन बाजूंत व्होल्टभराचा फरक पडतो आणि जाडी नॅनोमीटरभर असल्यामुळे मीटरला शंभर कोटी व्होल्ट इतके क्षेत्र तयार होते. ते आयनांना थंडीतही ओढून नेते. थर जाड होईल तसे क्षेत्र झपाट्याने कमी होते आणि ॲल्युमिनियमवर दोन-चार नॅनोमीटरला वाढ जवळपास थांबते. काब्रेरा आणि मॉट यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेले हे चित्र आहे. उच्च तापमानाला, जाड थरांत, आयनांच्या सावकाश झिरपण्यावर आधारलेला वाग्नरचा वर्गमूळ नियम लागतो. दोन्हींची गल्लत करू नका. आणि घरातली चांदी काळी पडते ती ऑक्सिजनने नव्हे, हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी. हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

ऑक्सिजन लागलेल्या निकेलचे या क्षेत्रावर केवढे उपकार आहेत तेही इथेच सांगतो. फेब्रुवारी १९२५ मध्ये न्यूयॉर्कला बेल प्रयोगशाळेत डेव्हिसन आणि जर्मर यांच्या उपकरणाजवळ द्रवरूप हवेची बाटली फुटली, निर्वात नळी तडकली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढले. ते काढायला त्यांनी निकेल बराच वेळ हायड्रोजनमध्ये आणि निर्वातात तापवले. त्यात बारीक कणांचे मोजके मोठे स्फटिक झाले आणि इलेक्ट्रॉनांच्या विखुरण्याचा नक्षाच बदलला. त्या बदलाचा पाठपुरावा करता करता १९२७ चे इलेक्ट्रॉन विवर्तन हाती आले. तुम्ही ज्या पडद्यावर सी २×२ पाहणार आहात तो त्याच शोधाचा पुढचा अवतार आहे.

आता तुमच्या प्रयोगाविषयी. एक्सपीएसमध्ये ऑक्सिजनच्या १एस शिखरावर विसंबू नका. निकेलवर अधिशोषित ऑक्सिजन आणि ऑक्साइड दोघेही ५३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच येतात. धातूचे शिखर पाहा. अधिशोषित अवस्थेत निकेलचे २पी शिखर जवळजवळ जागचे हलत नाही. ऑक्साइड आले की ८५२.७ च्या शेजारी, सुमारे एक इलेक्ट्रॉन-व्होल्टवर नवे शिखर आणि ८६१ च्या आसपास रुंद उपशिखर दिसू लागते. ॲल्युमिनियमवर तर निसर्गाने मोजपट्टीच दिली आहे. चांगल्या विभेदनक्षमतेने २पी मोजले, तर एक ऑक्सिजन शेजारी असलेला ॲल्युमिनियम अणू धातूच्या शिखरापासून अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट सरकतो, दोन शेजारी असतील तर एक, तीन असतील तर दीड. खरे ऑक्साइड येते २.५ ते २.७ वर. हे सिंक्रोट्रॉनवर १९८० च्या दशकातच दिसले होते. २.७ चे शिखर नसेल आणि दीडपर्यंतची असतील, तर तुमच्याकडे ऑक्साइड नाही. बहुतेकदा दोन्ही एकत्र सापडतात, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे बीज पहिला थर पूर्ण होण्याआधीच पडते. निकेलसारखा मोठा थांबा तिथे शोधत बसू नका.

ॲल्युमिनियमवर एक काळजी जास्त घ्यावी लागते. ऑक्सिजन शंभरात एक चिकटतो, पण चेंबरमध्ये उरलेली पाण्याची वाफ त्याहून पुष्कळ जास्त सहज प्रतिक्रिया करते. ऑक्सिजनच्या मोठ्या डोसबरोबर थोडी वाफ गेली तरी तुमचा आकडा तिच्यामुळे फुगलेला असेल. चेंबर नीट बेक करा, वायूची नळी फ्लश करा आणि डोस चालू असतानाच वस्तुमान-वर्णपटमापकावर १८ चे, म्हणजे पाण्याचे, शिखर पाहत राहा. आयन गेजची तापलेली तार ऑक्सिजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड बनवते, तेव्हा गेज सॅम्पलच्या समोर नसावा. डोसचा अक्ष लॉगरिदमिक घ्या, नाहीतर निकेलचा पहिला टप्पा आलेखाच्या डाव्या कडेला चिकटून जाईल.

प्रबंधात "ऑक्साइड" हा शब्द लिहिण्याआधी किमान दोन स्वतंत्र पुरावे हाताशी ठेवा: धातूच्या शिखराचे सरकणे आणि विवर्तनातला किंवा एसटीएममधला जाळीचा बदल. एकच असेल तर "अधिशोषित ऑक्सिजन", सोबत कव्हरेज (पृष्ठभागाच्या प्रत्येक अणूमागे किती ऑक्सिजन), तापमान आणि स्फटिकाची बाजू, एवढेच लिहा.